बराकीतला कडू घास

सोमवारी सकाळी आई गेली. दुपारी भोईवाड्याच्या स्मशानात मी अग्नी दिला. भाऊ तुरुंगात होता. कच्चा कैदी, खटला अजून उभा राहिलेला नव्हता. त्याला आणायचं तर कोर्टाची परवानगी लागली असती, आणि तितकं थांबायला घरातली वडील माणसं तयार नव्हती.

मला भीती एकच होती. बाबा गेले तेव्हा त्याने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. आता ही बातमी कळल्यावर त्याच्याजवळ कोण बसणार?

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. पहिला घास, कडू घास, शेजारी आणून भरवतात. लालबागच्या चाळीतल्या शेजारच्या काकूंनी मला भरवला आणि दुसऱ्या सकाळी त्याच्यासाठी पिठलं-भाताचा डबा करून दिला. "त्याचीपण आई होती गं," म्हणाल्या. मीही काही विचार न करता डबा घेऊन निघाले.

फाटकावरच्या शिपायाने झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. "ताई, बाहेरचं शिजवलेलं आत जात नाही. कुणाचंच नाही." मी कारण सांगितलं, बाबांच्या वेळी भावाने काय केलं होतं तेही सांगितलं. तो आत गेला आणि अधिकाऱ्यांना घेऊन आला.

"काचेपलीकडून फोनवर सांगू नका," अधिकारी म्हणाले. "माझ्या खोलीत बसा, त्याला बोलावतो. कोंडून ठेवणं सोपं असतं हो. माणूस कोर्टापुढे धडधाकट उभा करायचा, हे आमचं खरं काम."

भाऊ आला. मला बघूनच त्याला कळलं. रडला, मग नुसता बसून राहिला. त्याला परत नेताना अधिकाऱ्यांनी शिपायाला बजावलं, "एकटा सोडायचा नाही. आंघोळीलासुद्धा."

तरीही पुढच्या मुलाखतीपर्यंत मला धड झोप लागली नाही.

त्या दिवशी तो काचेपलीकडे आला तो डोकं भादरलेला. फोन उचलून म्हणाला, "तायडे, बराकीतल्या म्हाताऱ्याने भरवला कडू घास. मी तोंड उघडेना, तर म्हणतो कसा, 'खा रे, इथल्या डाळीला वेगळं कडू करावं लागत नाही.'"

"मग?"

"मग काय, हसलो. जेवलो. दोघं जण अंथरूण टाकतात माझ्या बाजूला. एक जाम घोरतो."

मी फोन कानाला तसाच धरून रडले. आई गेल्यापासून मला रडता आलं नव्हतं. भावाची काळजी मध्ये उभी होती.

आई नाही. खटला आता उभा राहिला आहे. मी दर आठवड्याला मुलाखतीला जाते आणि भाऊ समोर येऊन बसतो.