मंजूर म्हणण्याआधी

आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्ष विषय वाचू लागले, की मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो आणि सगळे वड्यांकडे वळतात. यंदा माझ्या शेजारच्या शालनताई उठल्या.

"आधी पूर्ण वाचा तरी, साहेब."

अध्यक्ष गोंधळले, मग चष्मा लावून ताळेबंद वाचू लागले.

राज्याची तिजोरी रिकामी झाली म्हणून आम्ही रोज टपरीवर कुरकुरतो. वास्तविक त्या तिजोरीचेही आम्ही सभासदच. पण तिथंही न ऐकताच मंजूर म्हणून मोकळे होतो.

वडे गार होत होते. अध्यक्ष तोट्याच्या पानावर आले आणि त्यांचा आवाज खाली गेला. तेव्हा मागच्या रांगेतूनच कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं वाचा, इकडं ऐकू येत नाही."