पूछताछताई

‘कशा आहात?’ असं सगळेच विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघतात. ती मात्र विचारायची आणि ओट्यावर बसायची. समोरच्याचं सांगून होईपर्यंत उठायची नाही. रेल्वे स्टेशनात एका खिडकीवर ‘पूछताछ’ लिहिलेलं असतं, त्यावरून शनवाऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी तिला पूछताछताई म्हणायला सुरुवात केली. तिच्या कानावर गेलं तेव्हा तिनं पोरांना थांबवून, हे नाव नेमकं कोणाला सुचलं, असं विचारलं. पंकजने भीत भीत हात वर केला. नाव चांगलं आहे म्हणाली, आणि इथं होती तोवर त्याच नावाला ओ देत राहिली. खरं नाव वंदना.

ती डोईफोडिया गावची. घरी केळी आणि कपाशी. कॉलेजसाठी आमच्या गल्लीत मामाकडे राहायला आली होती. मी तेव्हा बारावीत होते आणि तिच्या मागे मागे असायचे. एवढं कशाला विचारतेस सगळ्यांना, असं मी एकदा म्हटलं, तर तिनं मलाच विचारलं, “आमच्या गावात दारावरून न बोलता गेलं तर माणसं रुसतात. इथं बोलायला थांबलं तर दचकतात. असं का होत असेल गं?” तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. मीही मग माणसांकडे जरा निरखून बघायला लागले.

त्या वर्षी पोरांच्या मनात समाजसेवा करायचं आलं. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग साचायचा. पंकजचं म्हणणं, “ताई, कुछ बड़ा करते हैं. टी-शर्ट छापू, बॅनर लावू, सगळे मिळून सफाई करू.” ताईने त्याला नाही म्हटलं नाही. कचरागाडी रोज येते, तरी लोक इथं का टाकतात, एवढंच तिला कळत नव्हतं. म्हणून ती घरोघर विचारत फिरली. बायकांनी सांगितलं की गाडी येते त्याच वेळी नळाला पाणी येतं. पाणी सोडून कचऱ्याची बादली घेऊन जिना कोण उतरणार? त्या वेळी घरातली पोरं काय करतात, हे ताईने विचारलं. ती झोपलेली असायची. बॅनर राहिला बाजूला. पोरं पाळी लावून सकाळी उठायला लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या बादल्या गाडीपर्यंत न्यायला लागली. पंकज आधी तोंड वाकडं करायचा. मग कुठल्या घरची बादली आज आली नाही आणि का आली नाही, तेही त्याला ठाऊक असायचं.

एका घरातून मात्र ‘कशा आहात?’चं खरं उत्तर ताईला मिळत नव्हतं. सिंधूकाकी एकट्या राहायच्या. माझं काही अडत नाही, म्हणायच्या. भाजी दारावर यायची, किराणा दुकानदार पाठवायचा. गुडघे दुखतात म्हणून काकी कुठे जात नाहीत, हे सगळी गल्ली धरून चालली होती. ताई तरीही त्यांच्याकडे बसायची. लोणच्याला मोहरी किती घालायची, माहेर कुठलं, असलं काहीबाही विचारायची. माहेर चांदनीचं होतं. धाकटी बहीण तिथंच दिलेली, आणि आता ती अंथरुणाला खिळली होती.

एका दुपारी मी तिथंच होते. काकी गच्चीवरून पापडांची चादर घेऊन खाली आल्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिली.

“काकी, गुडघे दुखतात तर हा जिना कसा चढता?”

काकींनी चादर खाली ठेवली. मग सांगितलं, की शनवारा दरवाज्याजवळ, जुन्या वेशीपाशी, एका मोटारसायकलने त्यांना उडवलं होतं. लागलं थोडं, पण तेव्हापासून रस्ता बघितला की पाय उचलत नाही.

“म्हाताऱ्या बाईचे गुडघे दुखले तर चालतं, बेटा,” त्या म्हणाल्या. “भीती वाटते म्हटलं तर लोक हसतात.”

ताई हसली नाही आणि तिनं धीरही दिला नाही. भीती नेमकी कशाची वाटते, गाडीची की हॉर्नची, डावीकडून की उजवीकडून, असं तिनं बारकाईने विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघी दरवाज्यापर्यंत गेलो, कडेला उभ्या राहिलो आणि परत आलो. असंच कित्येक दिवस चाललं. मी काकींचा हात धरायला गेले तर ताईने मला अडवलं. म्हणाली, त्यांना आपला हात धरू दे, म्हणजे कधी सोडायचा ते त्या ठरवतील. एकदा समोरच्या दुकानात काकींना बांगड्या दिसल्या, आणि बोलता बोलता आम्ही पलीकडे पोचलो.

त्यानंतर आम्ही चांदनीला गेलो. सकाळची पॅसेंजर, तिघींना एकच बाक. बहीण खाटेवर होती. काकींना बघून तिनं आधी त्यांचा पदर धरला. मग म्हणाली, “मला वाटलं, तू माझ्यावर रुसलीस.” मी आणि ताई अंगणात जाऊन बसलो. आतून दोघींचा आवाज येत होता, मधूनच हसण्याचा. परतीची गाडी चुकेल म्हणून दोनदा हाक मारावी लागली.

शेवटची परीक्षा झाली आणि ताईला खंडव्याकडे एका शाळेत नोकरी लागली. निघताना तिनं निरोपाचं काही बोलू दिलं नाही. पंकजला विचारलं, उद्या सकाळी कोणाची पाळी आहे. माझीच, तो म्हणाला. मग ती रिक्षात बसली.

दिवाळीच्या आधी चांदनीहून फोन आला. काकींची बहीण गेली. मी चप्पल घालून त्यांच्या दारात गेले, सोबत येते म्हणाले. काकी पिशवी भरत होत्या. तू बस, मी जाते, एवढंच बोलल्या. तरी मी शनवारा दरवाज्यापर्यंत मागोमाग गेले. त्या कडेला थांबल्या. एक ट्रॅक्टर जाऊ दिला, मग दोन मोटारसायकली. पदर खोचला आणि रस्ता ओलांडला. पलीकडे स्टेशनच्या रिक्षाला हात करून बसून गेल्या.

मी घरी येऊन ताईला फोन केला. ती फोनवर रडत होती, पण तिला सगळं ऐकायचं होतं. कुठे थांबल्या, किती वेळ थांबल्या, मागे वळून बघितलं का. मी सगळं सांगितलं. तू आज इथं हवी होतीस, असंही म्हटलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “मी असते तर त्यांनी माझा हात धरला असता. मी तिथं नव्हते, तेच बरं झालं.”