अमेरिकेत कोण गेलं?

हसा तुम्ही, पण चहा निवायच्या आत ऐका. भर शिरूरमध्ये मी माझ्या जित्या भावाचं सुतक आणलं!

मी आर्किटेक्ट. लोक माझ्याकडं बंगल्याला सोनेरी खांब मागतात, आन् माझं दैवत म्हंजी अमेरिकेतला एक म्हातारा आर्किटेक्ट. रंग न्हाई, नक्षी न्हाई. नुसतं कोरं काँक्रीट, आन् छताच्या फटीतून असं ऊन सोडायचा की भिंत बोलायला लागावी! कॉलेजात त्यानं बांधलेल्या एका वाचनालयाचा फोटो बघितला आन् येडाच झालो. कधी भेट न्हाई, पण माणूस आपला वाटायचा.

त्या सकाळी एसटी स्टँडसमोर चहा पिताना मोबाइलवर बातमी दिसली. म्हातारा गेला. मला रडूच फुटलं हो!

"काय झालं?" शेजारच्या फुलवाल्या मामांनी विचारलं.

"गेले, मामा... अमेरिकेत."

पुढं बोलवेना.

आता आमचा थोरला भाऊ, दादा, अमेरिकेतच. वडील गेल्यापास्नं आमचं बोलणं तुटलेलं, हे अख्ख्या पेठेला ठाऊक. मग काय! दुपारी घरी पोचतो तर दारात चपलांचा ढीग. शेजारणीनं पिठलं-भाकरी धाडलेली. रांजणगावचा मित्र कंपनीतून सुट्टी टाकून आलेला. तेवढ्यात दौंडहून बहीण आली, आमची अक्का, ती गळ्यातच पडली.

"दादा गेला, आन् मला लोकांकडून कळावं व्हय रे?"

"अगं, दादा न्हाई! आर्किटेक्ट गेला!"

"कोण आर्किटेक्ट? तुझ्या वळखीचा?"

"वळख... तशी न्हाई."

फुलवाले मामाही आलेले, ते हळूच म्हणाले, "दादांना फोन लावा की. जिवाला बरं वाटंल."

अक्कानं स्पीकरवर लावला. दादाचा झोपमोड झालेला आवाज ऐकला आन् ती परत रडायला लागली.

"तू गेलास असं कळलं रे! हा बाळ्या स्टँडवर ढसाढसा रडला!"

दादाचा आवाज कापरा झाला.

"खरंच? माझ्यासाठी रडलास व्हय रे, बाळ्या?"

घरभर माणसं, सगळी माझ्याकडं बघतायत. अक्का मान हलवून खुणावतेय, व्हय म्हण, व्हय म्हण! एका शब्दाचं तर काम होतं, न्हाई का?

आन् मी शहाणा काय बोललो?

"न्हाई रे दादा, दुसऱ्यासाठी. फार मोठा माणूस होता."

फोन बंद झाला. तवापास्नं अक्कासुद्धा माझ्याशी बोलत न्हाई.