सगळ्यांनाच दहा

रुग्णालयात तिला सगळे कुलूपताई म्हणत. कुणी संगणक उघडा टाकून चहाला गेलं की ही मागून येऊन स्क्रीन बंद करायची. पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी कुठे चिकटवलेली दिसली, की फाडून त्याच माणसाच्या हातात द्यायची. लोक तोंडावर हसायचे, पाठ फिरली की नाकं मुरडायचे, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. संगणकांच्या सुरक्षेचं कामच असं. सगळं नीट चाललं तर ही करते तरी काय म्हणून विचारतात, आणि बिघडलं तर ही करत काय होती म्हणून.

नोकरीची निम्मी वर्षं तिने बाहेरून आलेल्या साहेबांना काम शिकवण्यात घालवली होती. साहेब तयार झाला की दुसरीकडे चांगली नोकरी धरायचा, मग नवा यायचा. या वेळी मात्र अधीक्षकांनी शब्द दिला होता: सुरक्षेचा वर्षाचा आकडा पंचाहत्तरच्या वर राहिला, तर विभागप्रमुखाची खुर्ची तिची. सासूबाईंनी तर आकडा यायच्या आधीच सगळ्या नात्यागोत्यात सांगून टाकलं होतं.

आकडा काढायची रीत सोपी होती. पाच गोष्टींना शंभरपैकी गुण द्यायचे, बेरीज करायची आणि पाचाने भागायचं. भिंतीवरच्या सुरक्षेच्या पोस्टरांना शंभर, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला शंभर, पासवर्डना नव्वद, यंत्रांवरच्या अपडेटना ऐंशी. पाचवी गोष्ट बॅकअपची. रोज माहितीची जी प्रत काढून ठेवतो, तिच्यातून सगळं परत आणता येतं का, हे करून पाहायचं. तिथे तीस. सरासरी ऐंशी.

पोस्टरं जनसंपर्कवाल्या साहेबांची. दर बैठकीत ते आपल्या त्या शंभराची टिमकी वाजवत आणि कुलूपताईच्या डोक्यात तिडीक जायची. एकदा तिच्याने राहवलं नाही.

"अहो, मीठ विसरलं काय आणि कोथिंबीर विसरली काय, दोन्हीचे सारखेच मार्क कापणार का?"

मग तिने उपायही सांगून टाकला. प्रत्येक गोष्टीला महत्त्वाप्रमाणे एक ते दहा वजन द्यायचं, गुणांना त्या वजनाने गुणायचं आणि शेवटी वजनांच्या बेरजेने भागायचं. बोलून खाली बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की तीसवालं काम तिचंच आहे. पण आता शब्द तोंडातून गेला होता.

अधीक्षकांना कल्पना भारी आवडली. वजनं ठरवायला बसले आणि व्हायचं तेच झालं.

"म्हणजे माझं काम फालतू?" जनसंपर्कवाले फणकारले. प्रशिक्षणवाल्या बाईंनी तर वहीच मिटली. अधीक्षक हा कुणाला दुखवणारा माणूस नव्हे.

"भांडता कशाला? सगळंच महत्त्वाचं आहे. सगळ्यांनाच दहा देऊ!"

टाळ्या पडल्या. नव्या रीतीने आकडा काढला, तो आला ऐंशी.

दहाने गुणून दहाने भागल्यावर दुसरं काय येणार! सगळ्यांना सारखं वजन म्हणजे कुणालाच वजन नाही, हे कुलूपताईला तिथल्या तिथे दिसलं. तरी ती मूग गिळून बसली. ऐंशी तिच्या सोयीचे होते. लाज वाटली, पण खुर्चीचा आनंद लाजेपेक्षा मोठा होता.

निवडीच्या बैठकीला ती निघाली, तर जिन्यात मेट्रनबाई भेटल्या. वॉर्डांतल्या सगळ्या नर्सेस यांच्या हाताखाली.

"अगं, यंत्रं बंद पडली तर तुझ्या त्या कॉपीतून सगळं परत येतं ना?"

"यायला हवं."

"यायला हवं म्हणजे?"

"म्हणजे... पूर्ण करून पाहिलेलं नाही. पेशंटची नावं तेवढी आणून पाहिली होती."

"कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही, ते सगळं आता तुझ्या यंत्रात आहे. कागद बंद करा, तूच म्हणालीस. आम्ही केले." मेट्रनबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी नुसतं सांगितलं आणि वर निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बैठकीत अधीक्षकांनी हसतमुखाने ऐंशीचा आकडा वाचला.

"सर, हा आकडा माझ्या सोयीचा आहे, पण खरा नाही," ती म्हणाली. "उद्या सगळी यंत्रं एकदम बसली, तर आधी काय मागाल? पोस्टर?"

"पेशंटची माहिती मागेन. काय विचारता!"

"मग दहा फक्त त्यालाच द्या."

अपडेटना चार, पासवर्डना तीन, प्रशिक्षणाला दोन, पोस्टरांना एक. अधीक्षकांनी स्वतः कॅल्क्युलेटर ओढला. साडेएकोणसाठ.

"हे तीस कुणाचे?"

"माझे, सर."

"वर्षभरात करून का नाही पाहिलं?"

वेळ मिळाला नाही, हे उत्तर तिच्या अगदी ओठांवर होतं.

"न करताही आकडा पंचाहत्तरच्या वर राहत होता, सर."

खुर्ची पुन्हा बाहेरच्या साहेबाला गेली. तिला फार वाईट वाटलं. "आता मी लोकांना काय तोंड दाखवू?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक रिकामं यंत्र घेतलं, मेट्रनबाईंना शेजारी बसवलं आणि त्यांच्या एका वॉर्डाची माहिती प्रतीतून परत आणायला घेतली. नावं आली. खाटांचे नंबर आले. तपासण्यांचे निकाल आले. न चालणाऱ्या औषधांचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा होता. तिने पुन्हा करून पाहिलं, आदल्या महिन्याची, मग अगदी पहिली प्रत लावून पाहिली, तरी कोराच.

"कधीपासून हे असं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"पहिल्यापासूनच. हा रकाना कॉपीत कधी गेलेलाच नाही."

तिने गुणांच्या तक्त्यात तीस खोडून शून्य लिहिलं.

"बाई, आजपासून कागद पुन्हा सुरू करा," ती म्हणाली. मेट्रनबाई केव्हाच उठून वॉर्डाकडे निघाल्या होत्या.