भांडणाऱ्यांचा पंखा

धुळ्यातल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल वाचकांसाठी पंखा लावत नसत. विजेची काटकसर! मी घाम पुसत पेपर वाचायचो. पंखा लागायचा तो फक्त भांडायला आलेल्यांसाठी.

एकदा एका कादंबरीवरून गावात ओरड झाली. कापसाचे व्यापारी असलेले एक आबा तावातावाने आले. "हाई पुस्तक बठ्ठं वाईट शे, काढी टाका!"

"सगळंच वाईट? काढू ना, आबा. वाईट पान तेवढं दाखवा." ग्रंथपालांनी पंखा लावला, कादंबरी पुढ्यात ठेवली.

पान काही सापडेना. आबांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. मग रोजच येऊ लागले.

एके दिवशी डोळे पुसत उठले. "सापडलं! शेवटलं पान. ती पोर मराले नको व्हती."

ग्रंथपालांनी कादंबरी कपाटात ठेवली आणि पंखा बंद केला.

"पंखा?" आबा चमकले.

"तुम्ही आता वाचक झालात, आबा."