वर्गात उदबत्ती लावणारा बाप

चेन्नईतल्या मांबलम स्टेशनचा जिना उतरत होतो तेव्हा शेजारच्या अनघाचा फोन आला. खाली भाजीवाल्यांचा आणि फुलं विकणाऱ्या बायकांचा गलका चाललेला, तिचं बोलणं धड ऐकू येईना. "हेमंत बसमधून उतरलाच नाही," एवढं कळलं. मला वाटलं, स्टॉप चुकला असेल. मग माझं मलाच नवल वाटलं, कारण इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून रोज कंपनीच्या बसने येणारा हेमंत त्या बसमध्ये कधी डुलकीसुद्धा काढत नसे. ड्रायव्हरवर त्याचा विश्वास नव्हता. सगळी बस घोरत असताना हा पुढच्या सीटवर ताठ बसून रस्त्याकडे बघत राही आणि वळण आलं की पायाने नसलेला ब्रेक दाबी. त्या दिवशी मात्र तो मान टाकून झोपलेला दिसला. सहकाऱ्यांना बरंच वाटलं म्हणे. "आज सार पहिल्यांदा झोपले," असं कौतुकाने म्हणत त्यांनी त्याला उठवलं नाही... वेस्ट मांबलम आल्यावर हाक मारली तेव्हा कळलं. हृदयविकाराचा झटका. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. हेमंतबद्दल लिहायला बसलो की गंभीर काही सुचतच नाही, हसू येतं. त्याला तो माझा दोष वाटला नसता. स्वतःवर हसलेलं त्याला चालायचं, फक्त हसताना तोंडापुढे रुमाल धरलेला असावा, एवढीच अपेक्षा.

आमचे फ्लॅट समोरासमोर. मी रेल्वेच्या अकाउंट्समध्ये, बदली होऊन आलेला. तो कराडचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात. समोर येणाऱ्या वस्तूत खोट शोधायची, हा त्याचा धंदा, आणि धंदा घरी आल्यावरही सुटत नसे. गल्लीतल्या मेसची इडली उचलून, उजेडात धरून, "कडेला जाड आहे, रिजेक्ट," म्हणायचा आणि मग चार खायचा. अनघा बँकेत. ती फार बोलायची नाही, पण नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला तिची एक भुवई उत्तर द्यायची. त्यांची एकुलती एक सई आणि आमचा ओम एकाच वयाचे, एकाच शाळेतले.

महामारी आली आणि हेमंतला जणू जन्मभर ज्याची तयारी केली ती परीक्षा आली. त्याच्या बाल्कनीत कोथिंबिरीची एकेक काडी चिमटा लावून दोरीवर वाळत घातलेली मी पाहिली आहे. दुधाच्या पिशवीला आंघोळ, मग पिशवी धरली त्या हाताला आंघोळ, मग नळाला. आम्ही सगळे हसायचो. पण दुसऱ्या लाटेत त्याच्या कारखान्यातला एक तरुण मुलगा गेला. त्याच्यासाठी ऑक्सिजन शोधत हेमंत दोन दिवस फोनला चिकटून होता. त्यानंतर आम्ही हसणं जरा कमी केलं.

आणि मग एक दिवस पहिलीपासूनच्या शाळा उघडणार असल्याचा निरोप आला. मोठ्यांच्या लसी होऊन गेल्या होत्या, लहानांना लसच नव्हती. त्या संध्याकाळी हेमंत गच्चीवर माझ्यासमोर येरझाऱ्या घालत होता.

"विनय, मला दोन डोस. अनघाला दोन. घरात आम्ही बसायचं आणि बाहेर जाणार कोण, तर जिला एकही डोस नाही ती! म्हणजे हेल्मेट मी घालायचं आणि गाडी सईने चालवायची?"

मी म्हणालो, "अरे, डॉक्टर सांगताहेत ना, मुलांना फारसा त्रास होत नाही."

"फारसा!" तो थांबला. "आमच्याकडे कुणी 'ब्रेक फारसा फेल होत नाही' म्हणाला तर मी तो माल सोडेन?"

धास्ती मलाही होतीच. फरक इतकाच, की मी ती दाबून वर्तमानपत्र वाचत होतो आणि हेमंत ती घेऊन थेट शाळेत गेला. सोबत मला नेलं.

मुख्याध्यापिका वयस्कर तमिळ बाई, कांजीवरमची कडक इस्त्री, कपाळाला विभूतीची बारीक रेघ. हेमंतने वर्ग बघायची परवानगी मागितली. वर्गात शिरल्यावर खिडक्या मोजल्या, पंखे लावून पाहिले, बंद करून पाहिले, बाकांमधलं अंतर टेपने मापलं. हे सगळं बाई सहन करत होत्या. मग त्याने खिशातून उदबत्तीचा पुडा काढला. एक उदबत्ती पेटवली आणि वर्गाच्या मधोमध धरून उभा राहिला. धूर खिडकीकडे जातो की वर्गातच घुटमळतो, त्यावरून हवा खेळते का ते कळतं, हे त्याने मला येताना समजावलं होतं. बाईंना कुणी समजावलेलं नव्हतं.

त्यांनी शांतपणे चपला काढल्या आणि हात जोडले.

हेमंत हळूहळू पुढे सरकत एकेका कोपऱ्यात उदबत्ती धरत होता, फळ्यापुढे धरली, कपाटापुढे धरली. दारातून बघणाऱ्या आयाने लगबगीने जाऊन कुंकवाची डबी आणि दोन केळी आणली. मी हेमंतला कोपराने ढोसत होतो, पण त्याचं सगळं लक्ष धुरावर. धूर खिडकीतून सरळ बाहेर गेला तेव्हा त्याने समाधानाने मान डोलावली आणि वळून बघतो तर समोर कुंकू. त्याचं तमिळ तेव्हा 'तण्णी' म्हणजे पाणी आणि 'एव्वळवु' म्हणजे केवढ्याला, यांच्यापलीकडे गेलेलं नव्हतं. इंग्रजीत त्याने "एअर फ्लो, मॅडम, एअर फ्लो" असं दोनदा म्हटलं. बाई भाविकपणे म्हणाल्या, "येस, येस. व्हेरी गुड फ्लो." शेवटी त्याने मुकाट्याने कुंकू लावून घेतलं. केळी मी घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेभर झालं, की एका वडिलांनी स्वखर्चाने दुसरीच्या वर्गाची शांत केली. पुष्कळ पालकांना त्याने धीर आला. खरं सांगायचं तर मलाही आला. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "ओमला पाठवू या. हेमंतने बघितलंय."

हेमंतने स्वतः मात्र सईला पाठवलं नाही. खिडक्या पास झाल्या होत्या, पण मुलं कुठे पास झाली होती! ओम जायला लागला, गुडघे फोडून परत यायला लागला. सई घरीच. पहिलीचं पूर्ण वर्ष तिने पडद्यावर काढलं होतं. ती आमच्याकडेही यायची बंद झाली होती. बेल वाजली की आतल्या खोलीत पळायची. मी कधी गेलोच तर दाराच्या फटीतून एक डोळा दिसायचा. बोलायची ती फक्त भिंतीवरच्या पालीशी. पालीचं नाव तिने मंजू ठेवलं होतं.

एकदा खालच्या मजल्यावरच्या पाट्टी, म्हणजे तमिळ आजी, मुरुक्कू नावाच्या चकल्या द्यायला वर आल्या. दार उघडं होतं, सई बाहेरच्या खोलीत होती. पाट्टींनी "कण्णा" म्हणून प्रेमाने तिच्या गालाला हात लावला. सईने अशी किंकाळी फोडली की आम्ही समोरून धावत गेलो. ती बेसिनपाशी उभी राहून साबणाने गाल घासत होती, घासतच होती, आणि रडत होती. पाट्टी हातात मुरुक्कूची वाटी धरून ओशाळून उभ्या. हेमंत तिच्या हातातला साबण काढून घेऊ पाहत होता, ती देत नव्हती.

त्या दिवशी अनघाच्या भुवईने काम भागलं नाही. ती म्हणाली, "हेमंत, ही रोगाला नाही घाबरत. ही माणसांना घाबरते."

रात्री तो जेवला नाही म्हणे. सकाळी माझ्या दारात उभा. "उद्यापासून सोडतो तिला," म्हणाला, आणि लगेच, "पण दोन मास्क. वर शील्ड."

पहिल्या दिवशी सई शाळेत निघाली ती वेल्डिंगच्या कामाला निघाल्यासारखी दिसत होती. दोन मास्क, त्यावर पारदर्शक पडदा, गळ्यात सॅनिटायझर, दप्तराला लटकवलेला दुसरा सॅनिटायझर. हेमंतने रजा टाकली होती. मीही कामावर उशिरा जातो म्हणून थांबलो. फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली मुलांना नुकतेच पाठवू लागलेले आईबाप एकमेकांना खेटून, टाचा उंच करून आत बघत होते. म्हातारा वॉचमन हात जोडून तमिळमध्ये म्हणाला, "सार, आत लेकरं सुद्धा अंतर ठेवून उभी आहेत. तुम्हीच आगगाडीच्या डब्यांसारखे काय चिकटलाय?" मी अर्थ सांगितला तेव्हा हेमंत चटकन दोन पावलं मागे झाला आणि थेट नारळपाण्याच्या गाडीवर आदळला.

शाळा सुटेपर्यंत तो तिथून हलला नाही. मुलं बाहेर आली. सई आली ती पळत. शील्ड कपाळावर, टोपीसारखी. आणि तोंडावर एकच मास्क, गुलाबी, फुलपाखरांचा.

"हा कुणाचा?" हेमंतने विचारलं.

"काव्याचा. तिला माझा निळा आवडला, मला तिचा हा. मग आम्ही बदलले."

हेमंत मटकन कट्ट्यावर बसला. आयुष्यभर मालात खोट शोधणाऱ्या त्या माणसाने सगळ्या शक्यता तपासल्या होत्या, ही एक सोडून. मी पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात सई त्याच्या मांडीवर दोन्ही हात टेकून म्हणाली, "बाबा, बाबा, मिसला पाय आहेत!"

"काय?"

"पाय! ती चालते! आणि ती एवढीशीच आहे रे, ठेंगणी. मला वाटायचं मोठी असेल."

वर्षभर ज्यांना पडद्यावर फक्त खांद्यांपर्यंत पाहिलं त्या बाईंचे पाय पाहून आलेली ती मुलगी घरापर्यंत अखंड बोलत होती. इतकं तिला बोलताना मी वर्षात ऐकलं नव्हतं. हेमंत काव्याचा मास्क शेपटीला धरलेल्या उंदरासारखा चिमटीत धरून तिच्या मागोमाग चालत होता. त्याचे डोळे भरलेले. मला म्हणाला, "सॅनिटायझर गेलं डोळ्यात."

यानंतरही त्याला चैन कुठली! डबा खाताना मुलं मास्क काढणार, मग कसं, यावर विचार करायला त्याने पालकांची सभा भरवली. आमच्याच घरी. बायकोने सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, आणि फिल्टर कॉफी केली. तावातावाने चर्चा झाली आणि कॉफी पिताना अर्थातच सगळ्यांनी मास्क काढले. चार दिवसांनी हेमंत पॉझिटिव्ह. सभेतले आणखी दोघे तापाने झोपले. शाळेत एकही मूल आजारी नव्हतं.

त्याला आतल्या खोलीत बंद केलं. सौम्य होतं, पण नियमाने सईलाही घरी बसावं लागलं. ती बंद दाराबाहेर उभी राहून ओरडलेली मी समोरून ऐकली, "बाबा, तुझ्यामुळे माझी शाळा बुडली!"

मी फोन केला तर खोकत खोकत म्हणतो, "विनय, सोर्स शोधायला पाहिजे."

"सोर्स तूच आहेस," मी म्हणालो.

पलीकडे तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. म्हणाला, "मग मलाच रिजेक्ट करा."

सईच्या वयाच्या मुलांसाठी लस येईल म्हणून तो वाट पाहत राहिला. ती काही आली नाही. तोपर्यंत सई गुडघे फोडायला लागली होती, पाट्टींकडे जाऊन तमिळ शिकली होती आणि हेमंतचं तमिळ सुधारायला लागली होती. हळूहळू शील्ड माळ्यावर गेली, मग मास्कही गेले. आता ती सहावीत आहे.

त्याची एक सवय मात्र सांगायची राहिली. कामावरून आला की हात धुऊन तो जेवणाच्या टेबलाशी सईला समोर बसवायचा आणि विचारायचा, "आज कोण शिंकलं?" सुरुवातीला तो खरोखरचा तपास होता. पुढे महामारी सरली तरी प्रश्न तोच राहिला, फक्त उत्तरं लांबत गेली. कोण शिंकलं, मग ती कुणाशेजारी बसते, ती कुणाशी भांडली, तिच्या आजीने काय सांगितलं... चहा गार व्हायचा. वर्गातल्या सगळ्या मुलींची घराणी त्याला पाठ होती. मला माझ्या ओमच्या वर्गातली चार नावं सांगता यायची नाहीत.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. अनघा बँकेतून नुकतीच आली होती, टेबलाशी पर्स मांडीवर घेऊन बसलेली. सई शाळेतून आली, बूट भिरकावले आणि नेहमीच्या खुर्चीत बसून आपोआप सुरू झाली, "आज ना, रितिका परत जननीशी बोलली! त्या भानगडीनंतर पहिल्यांदा."

"कोण रितिका?" अनघाने विचारलं.

"आई! रितिका कोण ते माहीत नाही तुला? बाबाला विचा..."

सई थांबली. खिडकीबाहेर भाजीवाल्याची हातगाडी ओरडत गेली. मला कुठे बघावं कळेना. अनघाने पर्स बाजूला ठेवली, खुर्ची पुढे ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

सईने नाक पुसलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरीच्या वर्गापासून सुरुवात केली.