व्याधाची दोरी

दर्यापुरात पुंजाजीच्या मळ्यातली फुलं देवाला चालेनाशी झाली, ती माझ्या एका वाक्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो. मित्राचे गुण सांगता सांगता माणूस स्वतःचं लपवत जातो... पंधरा वर्षं मी तेच केलं.

तीन आठवड्यांपूर्वी अकोल्याहून कार्ड आलं. पुंजाजी गेला. कार्ड हातात धरून मी शाळेच्या ओसरीत उभा होतो आणि पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता. जाण्याआधी त्याने घरात माझं नाव घेतलं असेल का, हा होता.

आम्ही एका बाकावर शिकलो. चौथीनंतर तो बापाच्या मळ्यात गेला आणि मी शिकून त्याच शाळेत भूगोल शिकवू लागलो. शेवंती आणि झेंडूच्या टोपल्या घेऊन तो आठवड्यातून दोनदा मोटारीने अमरावतीला, राजापेठेतल्या हारवाल्यांकडे जाई. येताना रिकाम्या टोपलीत वाचनालयातली पुस्तकं आणी. एकदा ताऱ्यांवरचं पुस्तक आलं आणि हा माणूस बदलला. मळ्यात गेलो की आळ्याला पाणी देता देता बोलायचा, "तारे तं सारेच पाह्यतात, मास्तर. मले मधलं दाखवाचं हाय."

"मधलं म्हणजे?"

"एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जे काहीच नाई, ते. केवढं हाय ते, मालूम हाय काय तुले?"

"काहीच नाही, ते दाखवणार कसं?"

"म्हनून तं तू मास्तर झाला न मी माळी राह्यलो," म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर किती तरी वेळ हसला.

त्या हिवाळ्यात त्याने कांदा ठेवायची कोठी रिकामी केली. बाजारातून काळ्या दोऱ्याची बंडलं नेली. दुपारी काम आटोपलं की आत शिरे आणि कडी लावून घेई. "काय करून राहिला रे?" विचारलं तर म्हणे, "झाल्यावर दाखवीन." लोक विचारू लागले, पुंजाजी दुपारी करतो काय? मी हसून टाळायचो, पण माझ्याही मनात ते घर करून बसलं. मग एक दिवस त्याने सहज विचारलं, "तुयी यमू कोन्त्या महिन्यातली रे? दिवस सांग." मी सांगितलं. यमू माझी थोरली, तेव्हा आठ वर्षांची होती.

महिनाभरात यमूला मुदतीचा ताप आला. पंधरा दिवस अंग तव्यासारखं. शेजारच्या मैनाबाई उशाशी बसून म्हणाल्या, "मास्तर, पोट्टीचं नाव न जन्म कोनाले सांगतलं तं नाई ना?" मला पुंजाजीने विचारून घेतलेला दिवस आठवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पुंजाजी अमरावतीला गेलेला पाहून, मी मळ्यात गेलो आणि कोठीची कडी काढली. आढ्यापासून काळ्या दोऱ्या लोंबत होत्या, कुठे आखूड, कुठे हातभर, कुठे जमिनीपर्यंत. प्रत्येकीला दोन दोन बोटांवर गाठ मारलेली. टोकाला सरकीची बी, कुणाला हळद फासलेली, कुणाला कुंकू. दाराजवळच्या दोरीला आठ गाठी होत्या आणि खाली कागदाचा कपटा... त्यावर 'यमुना'.

मी भूगोल शिकवणारा माणूस. पृथ्वी गोल कशी हे लिंबू घेऊन मुलांना दाखवणारा. मी ती दोरी तोडली, घरी आणून चुलीत घातली. चौथ्या दिवशी ताप उतरला. मुदत भरली होती म्हणून उतरला, हे आज कळतं. तेव्हा मला पुरावा मिळाला.

मी गावभर बोंब मारली नाही. देवळात पुजाऱ्यांना एवढंच म्हणालो, "पुंजाजीची फुलं देवाला घालण्याआधी जरा विचार करा, महाराज." त्यांनी विचारलं, "काहून? काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." त्या 'काही नाही'ने सगळं केलं. देवळाने फुलं घेणं बंद केलं, मग लग्नघरांनी, मग बायका त्याच्या वांग्यांनाही हात लावीनात.

एका सकाळी तो दारात आला. आत ये म्हणालो नाही.

"मायी फुलं काहून चालत नाई रे आता?"

"मला काय माहीत."

"न कोठीतली दोरी कोनं नेली काय मालूम. व्याधाची होती, त्या ताऱ्याची." मग स्वतःच सांगू लागला. उजेड वर्षभर चालतो तेवढी एक गाठ. व्याधाच्या आठ, वर अर्धी. "यमू जलमली तवा तिथून निंघालेला उजेड आता कुठी आपल्यापर्यंत पोचून राहिला. तिले दाखवाची होती." रोहिणी लाल म्हणून कुंकू, स्वाती पिवळसर म्हणून हळद.

मी ऐकलं, आणि मनात म्हणालो, काय हुशारीनं रचलंय! पुढे वाचनालयात ते पुस्तक शोधलं. साडेआठ वर्षं, तसंच छापलेलं होतं. तोवर त्याने मळा सोडला होता आणि तो अकोल्यात दुसऱ्यांच्या बागेत राबत होता. यमूच्या लग्नात त्याने शेवंतीची टोपली पाठवली. सगळं कळूनही ती मी मांडवामागे नेऊन तळापर्यंत उपसून पाहिली. फुलंच होती.

कार्डानंतर अकोल्याला गेलो. गोदावरी वहिनींनी आतली खोली दाखवली. साऱ्या दोऱ्या तिथे पुन्हा टांगलेल्या. दाराजवळ एका खिळ्याला बोटभर तुटका काळा दोरा, बाकी जागा मोकळी.

"हे दुसरी लावू देत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "म्हनत, ज्यानं नेली त्याले एक दिवस आनून द्यावीच लागते."

"वहिनी, ती मी नेली. मी जाळली. फुलांचंही मीच बोललो."

त्यांनी खिळ्यावरचा तुटका दोरा सरळ केला. मग म्हणाल्या, "मले नका सांगू, भाऊजी. जिथी बोलले, तिथी सांगा."

गेल्या सोमवारी सकाळी दर्यापूरच्या देवळात आरती संपताना मी पायरीवर उभा राहिलो. पुजारी आता म्हातारे झाले आहेत. मैनाबाईही होत्या. कुणी तरी म्हणालं, "आता काय सांगता मास्तर, मानूस तं गेला." तरी सांगितलं, दोरीपासून चुलीपर्यंत सगळं. शेवटी म्हणालो, "पुंजाजीने कुणाचं काही वाईट केलं नाही. त्याची फुलं चांगली होती. पाप माझ्या मनात होतं आणि नाव त्याचं गेलं. पुंजाजी, मी चुकलो. मला माफ कर."